डाय बदलायला दोन तास का लागतात

प्रश्न थोडक्यात असा: वाळूजला एक मध्यम प्रेस शॉप आहे, दुचाकीचे ब्रॅकेट आणि छोटे प्रेस पार्ट बनवणारं. १६० टनी सी-फ्रेम मेकॅनिकल प्रेसवर कधी कॉइलवरची प्रोग्रेसिव्ह डाय चालते (डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा; प्रोग्रेसिव्हमध्ये पट्टी एकेका स्टेशनवर टप्प्याटप्प्याने घडत जाते), कधी हाताने ब्लँक, म्हणजे पत्र्याचा कापलेला तुकडा, ठेवायची साधी डाय. डाय बदलायला सरासरी एक तास पन्नास मिनिटं जातात आणि दोन शिफ्ट मिळून दिवसाला तीनदा बदलावी लागते. मालकांनी डाय तेलाच्या दाबाने पकडणाऱ्या हायड्रॉलिक क्लॅम्पचं कोटेशन मागवलंय. विचारणारे तिथे प्रॉडक्शन सांभाळतात. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: क्लॅम्प घ्यावेत का, दहा मिनिटांच्या आत सेटिंग होतं म्हणतात ते आपल्याकडे जमेल का, आणि डाय बसवणाऱ्या सेटरला मिनिटांवर इन्सेन्टिव्ह लावावा का.

क्लॅम्पचं आधी सांगतो: आत्ता घेऊ नका. हायड्रॉलिक क्लॅम्प वाचवतो तो फक्त बोल्ट सोडायचा आणि आवळायचा वेळ. तुमच्या ११० मिनिटांत तो किती आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा कुणी मोजलेलाही नसेल. अशा शॉपमध्ये घड्याळ घेऊन उभं राहिलं की बोल्टचा वाटा साधारण पंधरा-वीस मिनिटांचा निघतो. म्हणजे एवढे पैसे घालूनही तुम्ही दीड तासाच्या आसपासच राहणार, आणि मग मालकांना उत्तर तुम्हाला द्यावं लागणार. तुमची खरी अडचण बोल्टच्या आधी आणि बोल्टच्या नंतर आहे.

तेव्हा पहिल्यांदा मोजमाप नीट करा. आधीच्या जॉबचा शेवटचा चांगला पीस पडला की घड्याळ सुरू. नव्या जॉबचा पहिला पीस क्वालिटीने पास केला आणि प्रेस नेहमीच्या वेगाने चालू लागली की बंद. बहुतेक ठिकाणी सेटर ‘झालं साहेब’ म्हणतो तिथेच वेळ लिहिला जातो. त्यापुढची अर्धा तासाची ओढाताण मग कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. प्रेससमोर मोबाइल लावून दोन-तीन बदलांचं सलग चित्रीकरण करा, त्यात एक रात्रपाळीचा बदल हवाच, कारण टूल रूम आणि क्वालिटीची माणसं तेव्हा कमी असतात. व्हिडिओ आधी सेटरला आणि हेल्परला दाखवा, मालकांना नंतर. सेटर स्वतः बघतो तेव्हा ‘इथे मी क्रेनसाठी थांबलोय’, ‘इथे पाना आणायला गेलोय’ असं तोच सांगत जातो. तोच व्हिडिओ आधी केबिनमध्ये गेला की पुढच्या चित्रीकरणाला प्रत्येक जण कॅमेऱ्यासमोर धावपळ करतो आणि खरं काही कळत नाही.

तुमचे आकडे वेगळे येतील, पण अंदाज असा ठेवा: क्रेनची वाट, डाय, पाने, क्लॅम्प, पॅकिंग (क्लॅम्पच्या मागच्या टोकाखालचा ठोकळा) शोधणं यात अर्धा तास, प्रत्यक्ष डाय उतरवून चढवायला पंधरा मिनिटं, बोल्टला पंधरा-वीस, शट हाइट (बंद डायची उंची), डायचं सेंटर आणि फीड (पट्टी पुढे सरकवणं) जुळवण्यात वीस, आणि पहिला पीस पास होईपर्यंत तीस.

शोधाशोध ही फक्त आपल्याकडची खोड आहे असं समजू नका. झटपट डाय बदलण्याची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते शिगेओ शिंगो १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदात, मोठ्या प्रेसचा अभ्यास करत होते. ८०० टनी प्रेसची डाय बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार तासाहून जास्त वेळ गायब झाला. शेवटी शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट आणून, कापून, आटे पाडून त्याने काम भागवलं. त्यातूनच शिंगोंनी सेटिंगच्या कामाचे दोन भाग पाडले: प्रेस थांबवल्याशिवाय करताच येत नाही ते अंतर्गत, आणि प्रेस चालू असताना करता येतं ते बाह्य. पुढचं सगळं या विभागणीवर उभं आहे.

तुमचा पहिला अर्धा तास या बाह्य कामाचाच आहे. प्रेस थांबल्यावर डाय आणायला निघणं म्हणजे पाहुणे पाटावर बसल्यावर कणीक मळायला घेणं. आधीचा लॉट संपायच्या तासभर आधी पुढची डाय, तिचे क्लॅम्प, टी-बोल्ट, पुढच्या कामाची कॉइल, रिकामे बिन, गेज किंवा चेकिंग फिक्श्चर आणि ड्रॉइंग प्रेसशेजारी हजर हवं. यासाठी एक ट्रॉली पुरते. तिच्यावर प्रत्येक पान्याची आणि बोल्टची आकृती कापून जागा करा, म्हणजे काय नाही ते लांबून दिसतं. त्या ट्रॉलीवरचा पाना दुसऱ्या प्रेसला द्यायचा नाही, सुपरवायझरने मागितला तरी. क्रेन चार प्रेसमध्ये एकच असेल तर बोल्स्टरच्या, म्हणजे डाय बसते त्या प्रेसच्या पाटाच्या, उंचीची रोलरवाली डाय कार्ट बनवून घ्या. जवळच्या फॅब्रिकेटरकडे होते. जुनी डाय एका बाजूला ओढली, नवी दुसऱ्या बाजूने ढकलली, की क्रेन लागते ती फक्त डाय रॅकपाशी, तीही प्रेस चालू असताना. डाय कितीही हलकी वाटली तरी कार्ट आणि बोल्स्टर एकमेकांना अडकवायचा हूक मात्र हवा, नाहीतर ढकलताना कार्ट मागे सरकते आणि डाय मधल्या फटीत.

ही तयारी बहुतेक वेळा सेटर मोडत नाही, प्लॅनिंग मोडतं. सकाळी आठला पुढचा जॉब ‘अ’ ठरतो, सगळं प्रेसशेजारी येतं, अकराला कस्टमरचा फोन येतो आणि जॉब ‘ब’ अर्जंट होतो. असं आठवड्यात दोनदा झालं की सेटर तयारी करणं सोडून देतो, आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून किमान पुढचा एक जॉब गोठवा. प्रेसवर फळा लावा: चालू जॉब, पुढचा जॉब. पुढचा जॉब बदलायचा असेल तर ज्याला बदलायचा आहे त्याने स्वतः येऊन फळ्यावर लिहायचं आणि सही करायची. अर्जंटची संख्या आपोआप कमी होते.

आता बोल्टकडे येऊ. तुमच्या सगळ्या डायांच्या खालच्या आणि वरच्या प्लेटची क्लॅम्प बसते तिथली जाडी मोजा. एक २५ मिमी, दुसरी ३२, तिसरी ४० अशी निघेल. त्यामुळेच प्रत्येक वेळी वेगळा बोल्ट आणि वेगळं पॅकिंग शोधावं लागतं. एक माप ठरवा, समजा ३० मिमी, आणि टूल रूममध्ये एकेक डाय येईल तशी ती कड मिलिंग करून किंवा पट्टी जोडून त्या मापावर आणा. एम २० बोल्टची पिच २.५ मिमी. नट ४० मिमी खाली उतरवायचा तर सोळा फेरे, आणि त्यातला पकड देणारा फेरा शेवटचा एकच. जाडी सारखी असेल तर नट योग्य जागी आधीच असतो, क्लॅम्पचा खाचा बाजूने सरकवायचा आणि दोन-तीन फेऱ्यांत आवळायचा.

क्लॅम्प कसा बसवलाय तेही एकदा वाकून बघा. बोल्ट डायच्या जवळ आणि पॅकिंग लांब हवं. बोल्टपासून डायवरचा टेकू ५० मिमी आणि पॅकिंग १०० मिमीवर असेल तर बोल्टच्या ताकदीचा दोन तृतीयांश भाग डायला मिळतो. उलटं असेल तर एक तृतीयांशच, बाकीचा पॅकिंग दाबण्यात वाया. अनेक शॉपमध्ये हे उलटंच दिसतं, डाय सरकते, आणि मग सेटर पान्याला पाइप लावून बोल्ट ताणतो. टी-स्लॉटचे, म्हणजे बोल्स्टरमधल्या बोल्टच्या खाचांचे, ओठ तुटतात ते असेच.

शट हाइटची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण तिथे नुसता वेळ नाही, डायही जाते. उंच डाय चढवली, स्लाइड (प्रेसचा वरखाली होणारा भाग) आधीच्या बुटक्या डायच्या मापावर राहिली आणि प्रेस फिरवली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. या प्रेसवर चालणाऱ्या डायांचे गट करा आणि खाली कायमचे पॅरलल (उंची वाढवणारे ठोकळे) किंवा सब-प्लेट बोल्टने जोडून त्यांची शट हाइट एकच करा. कायमचे म्हणजे कायमचे; सुटे पॅरलल ठेवले की पुन्हा शोध सुरू. सगळ्या एका मापावर आल्या नाहीत तरी दोन मापांत बसल्या तरी पुष्कळ. कॉइलवरच्या डायांची फीड लाइनची उंचीही त्याच वेळी जुळवून घ्या, म्हणजे दर वेळी फीडर वरखाली करावा लागणार नाही. बोल्स्टरच्या मागच्या बाजूला दोन पिन बसवा, डायच्या मागच्या कडेला एक व्ही-खाच आणि एक सपाट टेकू द्या. डाय ढकलली की पिनांवर टेकते आणि सेंटर मिळतं. प्रोग्रेसिव्ह डायला याचा दुहेरी फायदा आहे: डाय फीडशी काटकोनात बसली नाही तर पट्टी गाईडला घासते आणि पायलट (पट्टीच्या भोकात शिरून तिला जागेवर आणणाऱ्या पिना) तिला ओढून घेतात, आणि त्यावर तासन्‌तास फीडरची पिच फिरवत बसणारे सेटर मी भरपूर पाहिलेत.

शट हाइट एकदा बसली तरी ती टिकत का नाही, याची दोन कारणं असतात. पहिलं, धार लावणं. प्रत्येक ग्राइंडिंगला दोन-तीन दशांश मिलिमीटर जातात. टूल रूमने तेवढी शिम (पातळ पट्टी) त्या सेक्शनखाली किंवा पंचामागे घातली नाही तर ती तूट सेटर स्लाइड खाली घेऊन भरून काढतो. डायमध्ये कटिंग आणि बेंडिंग दोन्ही असेल तर कटिंग जुळतं आणि बेंडिंग बिघडतं. म्हणून नियम असा ठेवा की ग्राइंडिंगनंतर डायची उंची मूळ मापावर आणूनच ती रॅकवर जाईल. दुसरं कारण काउंटरबॅलन्सची, म्हणजे स्लाइडचं आणि वरच्या डायचं वजन तोलणाऱ्या सिलिंडरची, हवा. वरच्या डायचं वजन बदललं की सिलिंडरचं प्रेशर बदलायला हवं. त्याचा तक्ता बहुतेक प्रेसवर चिकटवलेला असतो आणि त्यावर ग्रीसचा थर असतो. प्रेशर चुकलं की जोडांमधली ढिलाई वेगळ्या बाजूला बसते, शट हाइटचा काउंटर तेच दाखवतो पण डाय तिथेच बंद होत नाही. वर ब्रेकवरही ताण. डायवर पेंटने तीन आकडे लिहून ठेवा: शट हाइट, वरच्या भागाचं वजन, हवेचं प्रेशर.

खात्री करायची साधी युक्ती तुमच्या जुन्या सेटरला माहीत असेल. डायमध्ये स्टॉपर ब्लॉक असतील तर त्यांवर सोल्डरच्या तारेचा तुकडा ठेवायचा, इंचिंगवर, म्हणजे प्रेस थोडी थोडी सरकवत, एक स्ट्रोक घ्यायचा आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजायची. डाव्या आणि उजव्या बाजूचा आकडा सारखा आला तर डाय सरळ बसलीय. मागच्या चांगल्या सेटिंगचा आकडा कार्डावर असेल तर पीस न काढताच कळतं की आपण कुठे आहोत. दोन मिनिटांचं काम आहे आणि दहा ट्रायल पीस वाचतात.

आता शेवटचा अर्धा तास, पहिल्या पीसचा. सगळ्यात कमी लक्ष इथे दिलं जातं आणि माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. पहिला पीस नापास होतो तेव्हा व्हिडिओत दिसतं सेटिंग, पण आत काय चाललेलं असतं? बर (कापलेल्या कडेची खरखरीत कोर) जास्त येतोय, भोक एका बाजूला फाटतंय, एक पंच टोकाला तुटलाय. हे काही आज घडलेलं नसतं. मागच्या लॉटच्या शेवटीच तो पंच गेलेला असतो. लॉट कसाबसा संपवून डाय तशीच रॅकवर ठेवलेली असते. आज ती चढवली, क्लॅम्प केली, पीस काढला, नापास झाला, उतरवली, टूल रूमला नेली, पुन्हा चढवली. तुम्ही ज्याला सेटिंग म्हणताय त्यातला बराच भाग हा उशिरा केलेला डायचा मेंटेनन्स आहे.

याला उपाय एकच, लॉटचा शेवटचा पीस. शेवटचा पीस, आणि प्रोग्रेसिव्ह असेल तर पट्टीचा शेवटचा तुकडा सगळ्या स्टेशनांसकट, काढून तारेने डायला बांधायचा. त्यावर तारीख आणि स्ट्रोकची संख्या. डाय रॅकवर जायच्या आधी टूल रूमच्या माणसाने तो तुकडा हातात घेऊन बघायचा: बर कुठल्या कडेला वाढलाय, कुठल्या भोकाची चकाकती कड बारीक झालीय, बेंडवर ओरखडे आहेत का. पट्टीच्या तुकड्यावर प्रत्येक पंचाचं काम वेगळं दिसतं, त्यामुळे कुठला पंच ते शोधावं लागत नाही. ठीक असेल तर हिरवा टॅग, नसेल तर लाल, आणि लाल टॅगची डाय प्लॅनमध्ये घ्यायचीच नाही. हे नीट चालू झालं तर क्लॅम्पला हात न लावता तुमची सरासरी बरीच खाली येईल. वाईट दिवस, म्हणजे ते तीन-साडेतीन तासवाले, बहुतेक नाहीसे होतील. तुमची सरासरी ११० मिनिटं तेच दिवस वर ओढतायत, हे व्हिडिओसोबत महिन्याचा रिपोर्ट काढून तपासा.

उरला क्वालिटीचा वेळ. पीस घेऊन हेल्पर इन्स्पेक्शन रूममध्ये जातो, तिथे आधीचे तीन पार्ट रांगेत, गेज दुसऱ्याच प्रेसवर. पहिल्या पीसला सगळी मापं लागत नाहीत. डायमध्येच पक्की असलेली मापं, म्हणजे दोन पंचांमधलं अंतर, सेटिंगने बदलत नाही. सेटिंगवर अवलंबून असलेली तीन-चार मापं वेगळी काढा, त्यांचं गेज प्रेसशेजारी ठेवा, आणि तेवढ्यावर प्रेस चालू करायला क्वालिटीकडून लेखी मान्यता घ्या. पूर्ण रिपोर्ट मागाहून, पण पहिला बिन प्रेसपाशीच थांबवून. तुमच्या कस्टमरने पहिल्या पीसचा पूर्ण रिपोर्ट बंधनकारक केला असेल तर आधी त्यांच्याशी बोलावं लागेल.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. बेंडिंगच्या पार्टमध्ये कोन दर कॉइलला थोडा हलणार, कारण जाडी आणि पत्र्याचा कडकपणा हलतो. तिथे थोडी जुळवाजुळव राहणारच, ती डायमधल्या वेजने (पाचरीने) होईल अशी सोय करा, स्लाइडने नको. जुनी प्रेस असेल, स्लाइडच्या गिब (तिला सरळ रेषेत चालवणाऱ्या पट्ट्या) ढिल्या असतील, तर वरचं निम्मं लागू पडणार नाही, आधी गिब. आणि बाकीचं काम जिच्यामुळे अडतं ती प्रेस ही नसेल, तिच्यावर आधीच रिकामा वेळ असेल, तर सेटिंग कमी करून जास्त माल निघणार नाही. तेव्हा फायदा लॉट लहान करण्यात आहे. आज तीन बदलांना दिवसाचे साडेपाच तास जातात. बदल पस्तीस-छत्तीस मिनिटांवर आला तर त्याच साडेपाच तासांत नऊ बदल होतात, म्हणजे प्रत्येक पार्टचा लॉट एक तृतीयांश होऊ शकतो आणि गोडाऊनमधला मालही त्याच प्रमाणात कमी. मालकांना मिनिटांपेक्षा हा हिशोब पटतो.

हायड्रॉलिक क्लॅम्पला माझा कायमचा विरोध नाही. प्लेटची जाडी आणि शट हाइट सारखी झाली, तयारी आणि शेवटच्या पीसचं काम रुळलं, आणि तरीही व्हिडिओत बोल्ट हाच मोठा तुकडा उरला, तर जरूर घ्या. त्या क्लॅम्पलाही सारख्याच जाडीची कड लागते, म्हणजे ते काम तुम्हाला कसंही करावंच लागणार होतं. घेताना चेक व्हॉल्व्ह (तेल मागे जाऊ न देणारा) आणि प्रेशर गेलं तर प्रेस थांबवणारा इंटरलॉक आहे ना ते बघा. वरची डाय फक्त तेलाच्या दाबावर लटकलेली असते.

दहा मिनिटांबद्दल: होतं, पण क्रमाने. १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसला चार तास लागत होते. शिंगो आणि त्यांच्या मंडळींनी सहा महिन्यांत ते दीड तासावर आणलं, आणि व्यवस्थापनाने तीन मिनिटांची मागणी केल्यावर आणखी तीन महिन्यांत तेही गाठलं. त्या दुसऱ्या टप्प्याचा पाया पहिल्या टप्प्यातच घातलेला होता, आणि मागे टोयोटाची टूल रूम होती. तुमच्याकडे साध्या डायांना वीस मिनिटं आणि कॉइलवरच्या प्रोग्रेसिव्हला पस्तीस-चाळीस, हे माझ्या मते वर्षभरात खर्चाशिवाय म्हणता येईल अशा खर्चात जमण्यासारखं आहे. कॉइल बदलणं त्यात धरलंय. नवी पट्टी स्टेशनांतून इंचिंगवर पुढे न्यायला वेळ लागतोच.

इन्सेन्टिव्ह सेटरला मिनिटांवर लावू नका. स्लाइडखाली सेफ्टी ब्लॉक (ती खाली येऊ न देणारा ठोकळा) घालायला आणि काढायला दोन मिनिटं लागतात, मेन मोटर बंद करून फ्लायव्हील थांबायची वाट बघायला आणखी काही. मिनिटांवर पैसे लावले की पहिल्यांदा हीच मिनिटं जातात, आणि डायमध्ये हात त्याचाच असतो. ब्लॉकचा प्लग काढल्याशिवाय ब्लॉक जागेवरून निघणार नाही आणि प्लग होल्डरमध्ये परत घातल्याशिवाय प्रेसचं सर्किट जुळणार नाही अशी वायरिंग तुमच्या मेंटेनन्सकडून करून घ्या, म्हणजे हा विषय कुणाच्या मर्जीवर राहणार नाही. द्यायचाच असेल तर इन्सेन्टिव्ह सेटर, टूल रूम, क्वालिटी आणि प्लॅनिंग या चौघांना मिळून द्या, महिन्याच्या सरासरीवर, आणि त्या महिन्यात पहिल्याच ट्रायलला पास झालेल्या सेटिंगचं प्रमाण वाढलं असेल तरच.